दोन उद्रेकांच्या मधला काळ

नागपूरच्या प्रताप नगरमध्ये घराचा पाया खणायला घेतला की आधी काळी माती लागते, तिच्याखाली मुरूम आणि मग पहारीला दाद न देणारा काळा दगड. बोअरवेल मारताना छिद्रातून जी राखाडी भुकटी उसळते, ती याच दगडाची. खामला, जयताळा, हिंगणा असं पश्चिमेकडे जात राहिलं, तर पार मुंबईच्या किनाऱ्यापर्यंत बहुतेक वाटभर पायाखाली हाच दगड राहतो. पूर्वेकडे मात्र तो लवकर संपतो. शहराच्या पूर्व भागात त्याच्याहून कितीतरी जुना, पट्ट्यापट्ट्यांचा नाइस खडक वर येतो. नागपूर वसलं आहे ते दख्खनच्या लाव्ह्याच्या एका काठावर.

हा लाव्हा सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा. तो एखाद्या उंच डोंगराच्या माथ्यावरून फुटून आला नाही. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून पातळ शिलारस बाहेर येऊन सपाट पसरत गेला. म्हणून महाराष्ट्रात फुजीसारखा शंकू कुठे दिसत नाही, पायऱ्यापायऱ्यांचे सपाट माथ्याचे डोंगर दिसतात. आज उरलेला विस्तारच सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर आहे, आणि झिजून गेलेला भाग धरला तर मूळचा याच्या दुपटीहून अधिक असावा असं मानतात. सह्याद्रीत या थरांची एकत्रित जाडी दोन किलोमीटरच्या पुढे जाते. नागपूरकडे ते पातळ होत संपतात. विदर्भाच्या कापसाची काळी जमीन हीसुद्धा त्याच दगडाची झीज.

या सगळ्या उद्रेकांचा मुख्य काळ दहा लाख वर्षांच्या आत आटोपला, असं अलीकडचं कालमापन सांगतं. भूशास्त्राच्या हिशेबात हा अगदी थोडका काळ. पण तेवढ्या काळातही लाव्हा सतत वाहत नव्हता. एक लोट यायचा, गोठायचा, आणि मग शेकडो, हजारो, कधी त्याहून जास्त वर्षं काहीच घडायचं नाही. ज्वालामुखी म्हटलं की आपण उद्रेकाचा विचार करतो. त्याच्या आयुष्यातला मोठा भाग मात्र शांततेचा असतो, आणि त्याच्या शेजारी जे कोणी राहतं, माणूस असो की गोगलगाय, त्याचा सारा संसार त्या शांततेतच होतो. ज्वालामुखीवर लक्ष ठेवण्याचं काम अवघड होतं ते या शांततेमुळे. तिचा अर्थ काय लावायचा, हा प्रश्न आपल्या देशात फार लवकर विचारला गेला आणि तो नागपुरात विचारला गेला.

स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटलंडचा मिशनरी १८४५ मध्ये नागपूरला आला. भोसल्यांचं राज्य अजून होतं. शाळा चालवणं, भाषा शिकणं, धर्मोपदेश करणं ही त्याची कामं. शहरातलं हिस्लॉप कॉलेज त्याच्याच नावाचं, ते त्याच्या मृत्यूनंतर वीस वर्षांनी, १८८३ मध्ये निघालं. या माणसाला दगड पाहण्याचा नाद होता. फेरफटका मारताना सहकारी रॉबर्ट हंटरसोबत तो टेकड्यांचे उघडे कडे, नाल्यांचे काठ आणि दगडांच्या खाणी न्याहाळत असे. टाकळीजवळ आणि सीताबर्डीच्या टेकडीवर त्यांना एक चमत्कारिक गोष्ट दिसली. वर बेसाल्ट, खाली बेसाल्ट, आणि दोहोंच्या मध्ये गाळाचा एक पातळ थर. त्या थरात गोड्या पाण्यातले शंख होते.

एवढ्याशा थरातून पुढे केवढं तरी निघालं. फायसा नावाच्या गोगलगायींचे शंख, शिंपले, डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या कवचधारी जिवांची कवचं, फळं आणि बिया, पाण्यात वाढणाऱ्या कारा शेवाळाचे अवशेष, माशांचे खवले, एवढंच काय, भुंगेऱ्यांच्या पंखांची कठीण झाकणंसुद्धा. नागपूरच्या या कीटकांवर १८६० मध्ये लंडनच्या भूशास्त्रीय नियतकालिकात अँड्र्यू मरे यांचा लेख आला. हिस्लॉप आणि हंटर यांचा नागपूर परिसराच्या भूशास्त्रावरचा निबंध त्याआधीच, १८५५ मध्ये, तिथेच छापून आला होता. भुंगेऱ्याच्या पंखाचं झाकण म्हणजे नखाच्या टोकाएवढी वस्तू. ती दगडातून शोधून, जपून, गलबतानं लंडनला पाठवण्यामागे किती चिकाटी असेल, याचा विचार मनात आला की या माणसाविषयी आदर वाटल्यावाचून राहत नाही.

हिस्लॉपच्या समोरचं कोडं असं होतं. मधल्या थरात तळ्याचा गाळ आहे, म्हणजे तिथे तळं होतं. वरचा बेसाल्ट त्या तळ्यावर येऊन पसरला, हेही सरळ आहे. पण खालचा बेसाल्ट कधीचा? हिस्लॉप आणि हंटर यांना वाटलं की तो नंतरचा असावा, गाळाच्या थराखाली जमिनीतून घुसलेला. एकदा आग ओकलेल्या जागी पुन्हा तळं साचावं, झाडं वाढावीत, मासे यावेत आणि मग पुन्हा आग यावी, ही कल्पना त्या काळी सहज पटण्यासारखी नव्हती. पुढे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या विल्यम ब्लॅनफर्डनं १८६० च्या दशकात दख्खनचे थर ठिकठिकाणी तपासून उलगडा केला: हे लाव्ह्याचे एकावर एक आलेले लोट आहेत आणि मधली तळी ही दोन लोटांच्या मधल्या शांत काळातली आहेत. ताडून पाहायची खूण साधी आहे. तापलेला लाव्हा ज्या गाळावर येतो त्याचा वरचा भाग भाजून निघतो. खालचा दगड आधीच थंड झालेला असेल, तर गाळाचा तळ न भाजलेला राहतो.

नागपूरच्या थरातली ही तळी म्हणजे जागृत ज्वालामुखीच्या शेजारचं जीवनच. टाकळीच्या गाळातून नंतरच्या संशोधकांनी चाळण्या लावून, आम्लात दगड विरघळवून सूक्ष्म अवशेष वेगळे केले, त्यांत माशांचे आणि इतर पृष्ठवंशी प्राण्यांचे तुकडे मिळाले, डायनोसॉरच्या खुणाही मिळाल्या. उत्तरेला छिंदवाडा जिल्ह्यातल्या मोहगाव कलानच्या गारगोटीत तर झाडांच्या पेशी न् पेशी शाबूत राहिल्या. लाव्ह्यातून झिरपलेल्या पाण्यातली सिलिका त्यांत भरली आणि वनस्पती दगड होऊन बसल्या. पुरावनस्पतिशास्त्रज्ञ बिरबल साहनी यांनी या प्रदेशातल्या जीवाश्मांवर मन लावून काम केलं. १९३४ मध्ये त्यांनी आणि सहलेखक राव यांनी इथल्या पाणनेच्याला अझोला इंटरट्रॅपिया असं नाव दिलं. ताडवर्गी झाडांचे इतके अवशेष पाहून साहनींना वाटलं की दख्खनचा लाव्हा डायनोसॉरनंतरच्या काळातला असावा. आज तो डायनोसॉरयुगाच्या शेवटच्या पर्वात सुरू होऊन पुढच्या युगात संपला, हे नक्की झालं आहे. मेक्सिकोच्या युकातानजवळ ज्या अशनीनं पृथ्वी हादरवली, तो पडला तेव्हा आपल्याकडे लाव्हा चालू होता. डायनोसॉर संपण्यात दोघांचा वाटा किती, यावर अभ्यासक अजून भांडत आहेत.

चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ पिसदुरा नावाचं गाव आहे. तिथे लाव्ह्याखालच्या लमेटा थरात डायनोसॉरच्या विष्ठेचे दगड झालेले गोळे सापडतात. २००५ मध्ये वंदना प्रसाद, अशोक साहनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या गोळ्यांत गवताचे सूक्ष्म सिलिकाकण असल्याचं दाखवलं. डायनोसॉरच्या काळात गवत नव्हतंच, असं तोवर धरून चालत. पहिला लाव्हा विदर्भात येऊन पोचला तेव्हा इथे काय चरत होतं आणि काय उगवत होतं, ते या गोळ्यांनी सांगितलं.

असा लोट येताना प्रत्यक्ष काय होतं, ते माणसानं एकदा नीट लिहून ठेवलं आहे. ८ जून १७८३ रोजी आइसलंडच्या दक्षिण भागात लाकी इथे जमीन फाटली. सुमारे २७ किलोमीटर लांबीच्या ओळीनं विवरं उघडली आणि आठ महिने शिलारस वाहत राहिला. जवळच्या गावचा पाद्री योन स्टेइनग्रिमसन यानं दिवसांमागून दिवस त्याची नोंद केली. लाव्ह्यानं जितकी माणसं मारली नाहीत तितकी वायूंनी मारली. फ्लोरिन गवतावर बसलं, ते गवत खाऊन जनावरं मेली, आणि मग दुष्काळ पडला. देशाची सुमारे एक पंचमांश लोकसंख्या त्यात गेली. गंधकाच्या धुक्यानं त्या उन्हाळ्यात युरोप झाकला. लाकीतून बाहेर पडलेला लाव्हा सुमारे १५ घन किलोमीटर होता. दख्खनच्या एकेका मोठ्या लोटात याच्या शंभरपट आणि त्याहून जास्त शिलारस असल्याचे अंदाज आहेत. लोट पसरताना वरची कातडी गोठते आणि आतला रस जाड सायीखालच्या दुधासारखा गरम आणि वाहता राहतो, त्यामुळे तो शेकडो किलोमीटर जाऊ शकतो. आंध्र प्रदेशात राजमहेंद्रीजवळ दख्खनच्याच लाव्ह्याचे थर आहेत, उगमापासून जवळजवळ हजार किलोमीटर दूर.

त्याच आइसलंडमध्ये, रेक्यानेस द्वीपकल्पावर, सुमारे आठशे वर्षं एकही उद्रेक झाला नव्हता. तेवढ्या काळात तिथे मासेमारीची बंदरं झाली, विमानतळ झाला, जमिनीतल्या वाफेवर वीजघरं उभी राहिली. मग १९ मार्च २०२१ रोजी फाग्राडाल्सफ्यातल इथे जमीन उघडली. नोव्हेंबर २०२३ मध्ये ग्रिंडाविक या सुमारे ३,८०० वस्तीच्या गावाखाली शिलारस घुसत असल्याचं भूकंपांनी आणि जमिनीच्या हालचालींनी दाखवलं, आणि एका रात्रीत गाव रिकामं केलं गेलं. जानेवारी २०२४ मध्ये लाव्ह्यानं गावाच्या कडेची घरं जाळली. लोक वाचले ते मोजमापांमुळे. ज्वालामुखीवर नजर ठेवणं म्हणजे बहुतेक वेळ हेच असतं: भूकंपमापकावर येणारे बारीक धक्के, जीपीएसनं कळणारी मिलिमीटरांतली जमिनीची फुगवट, गंधक वायूचं प्रमाण, उपग्रहानं टिपलेलं तापमान. यातलं काहीच प्रेक्षणीय नसतं. उद्रेक होण्याआधीची वर्षानुवर्षांची मोजमापं हाताशी नसली तर वाढलेला आकडा वाढलेला आहे, हेही कळत नाही.

भारताच्या हद्दीत आज जागृत म्हणता येईल असा ज्वालामुखी एकच. पोर्ट ब्लेअरच्या ईशान्येला सुमारे १४० किलोमीटरवर अंदमान समुद्रात बॅरन बेट आहे, जेमतेम तीन किलोमीटर रुंद आणि साडेतीनशे मीटर उंच. समुद्राखाली त्याचा पाया दोन किलोमीटरहून खोल आहे, म्हणजे आपल्याला दिसतो तो डोंगराचा फक्त शेंडा. भारतीय भूपट्ट तिथे पूर्वेकडे खाली घुसतो आणि त्या घुसण्यातून हा शिलारस तयार होतो. दख्खनच्या भेगांशी त्याचा संबंध नाही. बेटावर वस्ती नाही. रानटी झालेल्या शेळ्यांचा एक कळप मात्र तिथे तगून राहिला.

बॅरनच्या नोंदी अठराव्या शतकाच्या शेवटापासून मिळतात. १७८९ मध्ये सागरी सर्वेक्षक आर्चिबाल्ड ब्लेअरनं तो धगधगताना पाहिला. १८३२ नंतर तो गप्प झाला. १८८५ मध्ये भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या एफ. आर. मॅलेट यांनी बॅरन आणि नारकोंडम या दोन बेटांवर प्रदीर्घ निबंध लिहिला, तो विझत चाललेल्या डोंगराचा अभ्यास होता. पाच-सहा पिढ्या गेल्या. आणि मार्च १९९१ मध्ये तो पुन्हा फुटला, पश्चिमेकडच्या खिंडारातून लाव्हा समुद्रापर्यंत आला. १९९४-९५ मध्ये पुन्हा. २६ डिसेंबर २००४ च्या सुमात्रा-अंदमान भूकंपानंतर, मे २००५ मध्ये पुन्हा. तेव्हापासून अधूनमधून त्याची धुसफूस चालूच आहे. १५९ वर्षांची शांतता पाहून कोणी त्याला मृत ठरवलं असतं तर त्यात आश्चर्य नव्हतं. सगळ्या हयातीत ज्यांनी त्यावर धूर पाहिला नाही अशी माणसं पिढ्यान्‌पिढ्या होऊन गेली.

जानेवारी २०१७ मध्ये गोव्याच्या दोनापावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचं पथक अभय मुधोळकर यांच्या नेतृत्वाखाली ‘सिंधू संकल्प’ या संशोधन नौकेवरून बेटाजवळ समुद्रतळाचे नमुने घेत होतं. २३ जानेवारीला डोंगरानं अचानक राख उडवायला सुरुवात केली. पथक सुमारे मैलभर अंतर राखून थांबलं आणि पाहत राहिलं. पाच-दहा मिनिटांचे छोटे छोटे उद्रेक होत होते. दिवसा फक्त राखेचे ढग दिसले. सूर्य मावळल्यावर तेच दृश्य पालटलं: विवरातून लाव्ह्याची लाल कारंजी उडत होती आणि उतारावरून रस ओघळत होता. २६ तारखेला संस्थेच्या दुसऱ्या पथकानं, बी. नागेंद्र नाथ यांच्या नेतृत्वाखाली, पुन्हा स्फोट पाहिले. त्यांनी आजूबाजूचं पाणी आणि गाळ गोळा केला, त्यात कोळशासारखे काळे कण मिळाले.

मला या हकीकतीत महत्त्वाचं वाटतं ते नौका तिथे असणं. ती उद्रेक पाहायला गेली नव्हती, तळाचा चिखल काढायला गेली होती. एरवी अशा बेटावर काय चाललं आहे ते उपग्रहाच्या उष्णतेच्या नोंदींवरून आणि जाणाऱ्या-येणाऱ्या जहाजांकडून कळतं. दिवसा राख दिसते आणि रात्री लाव्हा, या फरकावरूनच लक्षात यावं की एखाद्या वैमानिकानं दुपारी वरून पाहून ‘थोडा धूर आहे’ असं कळवलं तर त्याचा अर्थ किती अपुरा असतो. तळातल्या गाळात राखेचे थर वाचून याच डोंगराचे हजारो वर्षांचे उद्रेक मोजण्याचं काम आपले संशोधक करतात. हिस्लॉपनं टाकळीत जे केलं, त्याचंच हे समुद्रातलं रूप.

निर्जन ज्वालामुखीवर पाळत ठेवण्यामागे आता विमानं हे मोठं कारण झालं आहे. अलास्काच्या रानात मैलोन्‌मैल माणूस नाही, तरी १९८८ मध्ये तिथे ज्वालामुखी वेधशाळा स्थापन झाली. पुढच्याच वर्षी, १५ डिसेंबर १९८९ रोजी, रिडाउट ज्वालामुखीच्या राखेत केएलएमचं जंबो विमान शिरलं आणि त्याची चारही इंजिनं बंद पडली. चार किलोमीटरहून जास्त खाली आल्यावर ती पुन्हा सुरू झाली आणि विमान अँकरेजला सुखरूप उतरलं. १९८२ मध्ये जावाच्या गालुंगुंग ज्वालामुखीवर ब्रिटिश एअरवेजच्या ज्या विमानाचं असंच झालं, ते लंडनहून मुंबईमार्गे गेलेलं होतं. राख म्हणजे चुलीतली राख नव्हे, काचेचे आणि दगडाचे बारीक कण. इंजिनाच्या उष्णतेत ते वितळतात आणि पुढे पात्यांवर जाऊन गोठतात. आता जगभर नऊ केंद्रं राखेचे ढग कुठे सरकत आहेत ते वैमानिकांना कळवतात. बॅरनविषयीच्या सूचना ऑस्ट्रेलियातल्या डार्विनहून निघतात.

प्रताप नगरच्या गच्चीवरून सोनेगावच्या विमानतळावर उतरणारी विमानं रोज दिसतात. नोव्हेंबर २०२५ मध्ये इथिओपियातला हायली गुब्बी ज्वालामुखी फुटला, ज्याचा एकही उद्रेक इतिहासात नोंदलेला नव्हता. त्याची राख लाल समुद्र, अरबस्तान ओलांडून दुसऱ्याच दिवशी भारताच्या वायव्य भागावर आली आणि कित्येक उड्डाणं रद्द करावी लागली. ज्या डोंगराकडे कोणीच लक्ष देत नव्हतं, त्यानं हजारो किलोमीटरवरचं वेळापत्रक बदललं.

दख्खनचा लाव्हा ज्या उष्णतेच्या झोतातून आला, तो मात्र अजून विझलेला नाही. भारताचा भूपट्ट उत्तरेकडे सरकत गेला आणि तो झोत हिंदी महासागरात मागे राहिला. वाटेत त्यानं लक्षद्वीप-चागोसची समुद्राखालची रांग उभारली, पुढे मॉरिशस आणि शेवटी रियुनियन. रियुनियनवरचा पितों द ला फुर्नेझ आज जगातल्या सर्वांत जास्त जागृत ज्वालामुखींपैकी एक आहे. एप्रिल १९७७ मध्ये त्याचा लाव्हा पितों-सेंत-रोझ गावात घुसला, चर्चच्या दारापर्यंत येऊन दोन्ही बाजूंनी वळला. दोन वर्षांत, १९७९ मध्ये, तिथे वेधशाळा उभी राहिली. तिची उपकरणं डोंगराची फुगवट मोजतात, आणि उद्रेक जवळ आला की विवराकडे जाणारी वाट बंद होते.

तिथून दोनशे-सव्वादोनशे किलोमीटरवर मॉरिशसमध्ये मराठी माणसं आहेत. १८३४ नंतर ऊस कापायला गेलेल्या मजुरांत कोकणातले लोक होते, त्यांचे वंशज अजून गणपती बसवतात. ज्या दगडावर त्यांचे पूर्वज वाढले आणि ज्या दगडावर ते स्वतः राहतात, तो एकाच झोताचा आहे, मध्ये फक्त कोट्यवधी वर्षं आहेत. मॉरिशसच्या लाव्ह्याचे जुने, मधले आणि नवे असे गट भूशास्त्रज्ञ करतात आणि त्या गटांमध्ये लाखो वर्षांच्या विश्रांती सापडतात. सर्वांत नवा लाव्हा लाख वर्षांहूनही अलीकडचा आहे. क्युरपिप शहरात त्रू ओ सेर्फ नावाचं विवर आहे, त्याच्या काठानं रस्ता जातो आणि भोवती घरं आहेत. तळाशी पाणी आणि झाडी आहे.